पिवळा टी-शर्ट

आज शुक्रवार. चहा घ्यायला गेलो, तर ऑफिसच्या पॅन्ट्रीत मंगलताई पिवळ्या फडक्याने ओटा पुसत होत्या. फडकं पिळताना त्यावरची अक्षरं दिसली, 'मी उद्याचा नेता', आणि ओळख पटली. तो सावंतांचा टी-शर्ट होता.

आमचा मनुष्यबळ विभाग दरवर्षी नवा उपक्रम आणतो, त्यासोबत नव्या रंगाचा टी-शर्ट येतो आणि शुक्रवारी सगळ्यांनी तो घालायचा असतो. पिवळ्याच्या वर्षी गुणवंत हेरायचं चाललं होतं. ती अक्षरं फक्त निवडलेल्यांच्या टी-शर्टवर होती. आमच्या शाखेत एकट्या सावंतांच्या. पन्नाशीतले सावंत लहान मुलासारखे हरखले होते. "मुलगी म्हणाली, बाबा, कळलं एकदाचं त्यांना!" असं ज्याला त्याला सांगायचे.

पुढच्या वर्षी निळा आला. आता नेते नकोत, सगळे समान, असं ठरलं. सावंत मात्र दर शुक्रवारी पिवळाच घालून यायचे. लोक हसायचे. सावंतांना वाटायचं, निवड एकदा झाली म्हणजे झाली. हिरव्याच्या वर्षी त्यांची जागाच रद्द झाली. जाताना त्यांनी तो टी-शर्ट धुऊन, इस्त्री करून टेबलावर ठेवला.

कुणी एकदा आपल्याला चांगलं म्हटलं की ते परत कसं करायचं, हे कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

"कापड चांगलंय हो, पाणी छान शोषतं," मंगलताई म्हणाल्या. मग त्यांनी माझी हिरवी बाही चिमटीत धरून पाहिली.

"हेपण सुतीच ना?"