प्रूफअप्पांची सही

अप्पांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. परळीच्या बाजारपेठेत त्यांचा छापखाना होता. आत एकच खुर्ची, तीही गिऱ्हाइकासाठी. अप्पा मशीनपासून दारापर्यंत आणि दारापासून मशीनपर्यंत चालत असत. कपाळावर विभूती, कानाला पेन्सिल, हातात ओला कागद. तो कागद उन्हात धरून बघायचा, की पुन्हा आत. "ट्यूबखाली सगळेच रंग साव दिसतात," असं ते म्हणत. त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाला पाच मिनिटांत मान दुखायला लागे आणि दहा मिनिटांत आपलंही काहीतरी राहून गेलंय असं वाटायला लागे. मला तर अजूनही वाटतं.

गावात त्यांना प्रूफअप्पा म्हणत. छापण्याआधी नमुना दाखवायचा आणि त्यावर सही घ्यायची, हे सगळेच छापखाने करतात. अप्पांचा नियम मात्र त्याहून वाकडा होता. ज्याचं नाव कागदावर छापायचं, सही त्याचीच हवी. बापाची, भावाची, मुनिमाची चालणार नाही. पूर्वी कधीतरी दोन भावांच्या दुकानाची लेटरहेडं त्यांनी थोरल्याच्या सहीवर छापली होती. गठ्ठा घरी पोचला त्याच आठवड्यात धाकट्याने वाटणी मागितली. मग वर्षभर स्टँडवरची भजी त्या लेटरहेडांत बांधली गेली. तेव्हापासून अप्पा सहीसाठी माणसांच्या मागे गावभर फिरायचे. कुणी न्हाव्याकडे बसलेला असला तरी तिथे जाऊन कागद पुढे करायचे.

मी त्यांच्याकडे गेले ती मोटारपंप आणि पाईपच्या दुकानाची छपाई करायला. दुकान मी चालवणार होते. नवरा साखर कारखान्यात नोकरीला. सासरे, म्हणजे मामा, सोबत आले होते. त्यांनी खुर्चीत बसून हुकूम सोडला की लेटरहेड, बिलबुकं, पाकिटं, कार्डं, सगळं चकचकीत पाहिजे, चार रंगांत पाहिजे आणि मुहूर्ताच्या आत पाहिजे.

अप्पांनी चालता चालता प्रश्न सुरू केले. लेटरहेडवर पेनाने लिहिणार की कॉम्प्युटरच्या प्रिंटरमधून काढणार? शिक्का मारणार का? मारणार असाल तर चकचकीत कागद विसरा, शाई धरत नाही, पुसली जाते. बिल उन्हातान्हात शेतकऱ्याच्या खिशात जाणार, तर पांढऱ्या प्रतीखालची प्रत पिवळी ठेवा, म्हणजे कुठली आपली ते अंधारातही कळेल. रंग जितके, तितक्या प्लेटा, तितका खर्च. दोन रंगांत काम भागतं, पुढचे हौसेचे. काठाला अक्षर नको, कटिंगला सुरी केसभर सरकली तरी नाव तुटतं. मी मोबाइलवर चिन्हाचं चित्र दाखवलं, तर त्यांनी ते दोन बोटांनी मोठं केलं. ते लगेच फुटलं, नुसते चौकोन दिसायला लागले. मला निळा रंग मोबाइलवर दिसत होता तस्साच हवा होता. त्यावर ते म्हणाले, "मोबाइलात दिवा हाय, ताई. कागदात कुटून आणू?"

मामांना एवढे प्रश्न आवडले नाहीत. कार्डावर मालक म्हणून मुलाचं नाव टाका, असं सांगून ते उठले. भाड्याची जागा मी शोधली होती, कंपनीच्या माणसाशी मी बोलले होते, फिटिंगच्या मापांची नावं मी रात्रंदिवस घोकली होती. आणि कार्डावर मी कुठेच नव्हते. त्या दिवसांत मला जेवण गेलं नाही. भांडावं तर मुहूर्त तोंडावर, न भांडावं तर जन्मभराचं.

प्रूफ तयार झालं तेव्हा मामा सही करायला गेले आणि हात हलवत परत आले. अप्पांनी मुलाला पाठवा म्हणून सांगितलं होतं. कारखान्यातून सुटल्यावर नवरा गेला, मी मागोमाग. अप्पांनी प्रूफ त्याच्या हातात दिलं, पेन मात्र दिलं नाही.

"गिऱ्हाइकाचा फोन आला, तर पाईपचा भाव कोन सांगनार?"

नवरा म्हणाला, हिलाच विचारावं लागेल.

"मग सही तुमी कावून करता?"

नवरा माझ्याकडे बघून हसला आणि बाजूला सरला. अप्पांनी त्या प्रूफावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि माझं पूर्ण नाव विचारलं. दुसऱ्या दिवशी नव्या प्रूफावर मी सही केली. तोवर माझी सही बँकेत आणि पोरांच्या प्रगतिपुस्तकावर, एवढीच व्हायची. आधी हाताच्या तळव्यावर एकदा गिरवून बघितली, ते अप्पांनी पाहिलं आणि दाराकडे चालू लागले. मामांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मात्र बाजाराच्या दिवशी पाव्हण्यारावळ्यांना तीच कार्डं वाटताना मी मामांना पाहिलं.

अप्पांची खरी लढाई राखेशी होती. औष्णिक वीज केंद्राकडून वारा सुटला की ओल्या छपाईवर बारीक राख बसे. मग ते कागदांवर धोतरं पसरत, दार लोटून घेत आणि आत कोंडल्यासारखे फेऱ्या मारत. "कपाळावरची राख देवाची, ही कुनाची?" असं पुटपुटत. पुढे त्यांना धाप लागायला लागली, तरी चालणं थांबलं नाही. शेवटी पुण्याच्या मुलाने तिकडेच चला म्हणून हट्ट धरला. छापखाना पुतण्याकडे गेला.

निघण्याआधी अप्पा माझ्या दुकानात आले, हातात प्रूफ. सगळ्या गावाची कार्डं छापणाऱ्या माणसाने स्वतःचं कार्ड कधी छापलं नव्हतं. जुन्या गिऱ्हाइकांना देऊन जावं, असं आता मनात आलं होतं. वर नाव, खाली 'मुद्रक', त्याखाली पुण्याच्या फ्लॅटचा पत्ता. मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत. पंपांच्या खोक्यांमधून फेऱ्या मारत त्यांनी ते कितीदा वाचलं. मग कानाची पेन्सिल काढून पत्त्यावर रेघ मारली आणि वर काहीच लिहिलं नाही.

मी पेन पुढे केलं. "उद्या करतो," ते म्हणाले. गिऱ्हाइकाचा 'उद्या' ज्यांनी कधी ऐकून घेतला नाही, ते अप्पा. प्रूफ माझ्या टेबलावर ठेवून गेले.

पुण्याहून त्यांचे फोन यायचे. गॅलरी लई आखूड हाय, वळावं लागतं सारखं, अशी तक्रार असायची. आणि शेवटी हमखास प्रूफाची चौकशी. "जपून ठेवा, ताई. पत्ता ठरला की सही करतो."

पत्ता ठरला नाही. अप्पा तिकडेच गेले. मी दुकानात उभीच्या उभी रडले, गिऱ्हाइकासमोर.

परवा पुतण्या आला. काकांची आठवण म्हणून ते कार्ड छापून गावात वाटू म्हणाला. पत्ता परळीचाच टाकू, तुम्ही घरच्यासारख्या, सही तुम्हीच करा. मी पेन उघडलंही. तसंच बंद केलं. छापू नको, असं त्याला सांगितलं, आणि का, ते त्याला सांगावं लागलं नाही.

तो गेल्यावर मला बसवेना. प्रूफावरची राख फुंकली, दारात गेले आणि कागद उन्हात धरला. अप्पा, रंग बरोबर आलाय. सही तेवढी राहिली.