मास्तरांनी निवडलेला प्रोसेसर

जर्मनीत, कायझर्सलाउटर्नमध्ये कुणीही मराठी पोरगं 'कोणता प्रोसेसर घेऊ?' असं विचारत आलं, की मास्तर उलट विचारायचे, "बघणार कोण?" समोरचा गडबडायचा. गेम मी खेळणार, पैसे मी भरणार आणि हा माणूस विचारतोय बघणार कोण! पण उत्तर मिळाल्याशिवाय मास्तर पुढे अक्षर बोलायचे नाहीत. समोर ठेवलेले पोहे खात शांत बसून राहायचे.

मास्तर म्हणजे आमच्या विद्यापीठात कॉम्प्युटरच्या चिप्सवर पीएचडी करणारे, आमच्या घोळक्यातले वयाने सगळ्यांत मोठे. शिकवत कुणालाच नव्हते. पण चष्म्यावरून बघायची तऱ्हा अशी, की कुणीतरी पहिल्याच भेटीत 'मास्तर' म्हणालं आणि ते चिकटलं. व्हिसासाठी जिथे खेटे घालायचे त्या आउसलेंडरबेहोर्डेत तेवढं त्यांना खऱ्या नावाने पुकारत असतील.

आमच्यातल्या बऱ्याच जणांना गेम खेळताना लोकांना लाइव्ह दाखवायचं वेड होतं. त्यासाठी दोन कॉम्प्युटर लागतात. एकावर खेळायचं, दुसऱ्याने नुसतं चित्र घ्यायचं, दाबून लहान करायचं आणि पाठवून द्यायचं. या दुसऱ्यालाही पोरं बाजारातला सगळ्यात महागडा प्रोसेसर घालायला निघायची. मास्तर हात जोडायचे. "अरे बाबा, हा खेळणार नाहीये, हा पोस्टमन आहे. पोस्टमनला रेसची गाडी कशाला?" मग व्हिडिओचा भाग आतच असलेला एखादा साधा, थंड डोक्याचा प्रोसेसर सुचवायचे. पोरं हिरमुसून जायची आणि महिन्याभराने आभार मानायला यायची.

माझं प्रकरण जरा वेगळं होतं. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर. सगळी हयात घाटात गाडी चालवण्यात गेली. निवृत्तीनंतर अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. जीभ सुधारली, हातपाय नाही. पण त्याहून वाईट म्हणजे बाबांनी रागवायचंच सोडून दिलं. आमच्या घरात बाबांचा आवाज नाही म्हणजे काय, हे शेजारपाजारच्यांना विचारा! आता आमटी खारट झाली तरी म्हणायचे, "बरंय." आईला त्या 'बरंय'चीच धास्ती बसली होती.

म्हणून मी ट्रक चालवायचा गेम घेतला. मी इथे चालवायचं, बाबांनी गावी टीव्हीवर बघायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मान वळवून बघितलं. पण वळण आलं की चित्राचे नुसते चौकोन व्हायचे, झाडं, रस्ता, समोरची गाडी सगळा लगदा. "डोळे दुखतात गं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मी हट्टालाच पेटले. दुसरा कॉम्प्युटर जुळवायला घेतला आणि मास्तरांना न विचारता, गेमिंगमध्ये सगळ्यांच्या पुढे असलेला प्रोसेसर मागवला. तो नेमका खंडेनवमीला आला. इथे आम्ही शस्त्रं कुठली पुजणार, लॅपटॉपच पुजतो! मी डबा फोडला, प्रोसेसर पाटावर ठेवला आणि हळदकुंकू वाहिलं, तेही चांगलं ओलं करून. मग मास्तरांना मोठ्या ऐटीत प्रसादाला बोलावलं.

"बघणार कोण?" झालं सुरू. मी सांगितलं, बाबा. मास्तरांनी अर्धवट खाल्लेली पोह्यांची बशी खाली ठेवली, तसं करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "घरी व्हिडिओ कॉल लाव. काकूंना सांग, फोन टीव्हीसमोर धरा." मी जुन्या कॉम्प्युटरवरून ट्रक चालवत राहिले आणि मास्तर आमच्या घरातला टीव्ही बघत राहिले.

"काकू, नेट कुठून घेतलंय?"

"शेजारच्यांच्या गच्चीवरनं येतंय बघा. कधी असतं, कधी नसतं."

"आल्झो, तर मग," मास्तर माझ्याकडे वळले, "प्रोसेसर चुकलाय. गावाकडे नेटची पिशवी एवढीशी आणि त्यात बसवायची आहे नऊवारी. नीट घडी घालणारे भरपूर हात पाहिजेत. तू आणलायस तो एकटा जोरात पळणारा. इथे पुष्कळ कोअरवाला हवा आणि त्याला घाई करायची नाही. तू परत पाठव हा."

मी कुंकवाकडे बोट दाखवलं.

"अगं, काय हे!" मास्तर हसून हसून लाल झाले. "रेटूरच्या, म्हणजे परतीच्या, फॉर्मवर कारण काय लिहिशील? सौभाग्यवती झाला म्हणून?" मग कापूस आणि स्पिरिट घेऊन तासभर एकेक कड पुसत बसले. शेवटी म्हणाले, "आता हा दुकानवाले काही परत घेणार नाहीत. माझ्याकडे भरपूर कोअरवाला आहे, बसवायची खाच, सॉकेटही हेच. अदलाबदल करू. माझा पडूनच असतो."

संध्याकाळी त्यांनी स्वतः तो बसवला, चित्र दाबायची सेटिंग्ज खालीवर करत बसले आणि मला म्हणाले, "घे, घाट घे." मी आल्प्समधला रस्ता घेतला. फोनवर नेहमीचीच शांतता. वैतागून मी एका वळणावर पुढच्या ट्रकला ओव्हरटेक केलं.

"ए! वळणावर ओव्हरटेक करतीस? समोरचा टँकर दिसत नाही तुला? कुणी दिलं गं तुला लायसन? उतर, उतर खाली!"

बाबा! बाबांना टँकर दिसला होता. मागे आई रडत होती आणि मध्येच हसत होती. मला रस्ता दिसेना, मी ट्रक कठड्याला घातला आणि त्यासाठी आणखी शिव्या खाल्ल्या.

"गेनाऊ, तंतोतंत," मास्तर खुशीत म्हणाले, "काका बरोबर बोलतायत. तू फार वाईट चालवतेस."

त्यानंतर रोज संध्याकाळी बाबांच्या हाताखाली माझं ट्रेनिंग सुरू झालं. आमटीलाही नावं ठेवली जाऊ लागली. मास्तर अधूनमधून यायचे आणि बाबांशी एसटीच्या क्लचवर बोलत बसायचे.

मास्तरांची पीएचडी मात्र लांबली. अखेर ती झाली, स्टुटगार्टला नोकरी लागली आणि सामान बांधायला आम्ही जमलो. तेव्हा त्यांचा खोलीतला सोबती सहज बोलून गेला, की तो प्रोसेसर पडून वगैरे काही नव्हता. मास्तरांच्या प्रबंधाची गणितं त्याच्यावर रात्रंदिवस चालत असत. मी स्टेशनवर त्यांना धरलंच. "अहो मास्तर, निदान आता तरी परत घ्या की!"

"माझी गणितं उशिरा सुटली तर रागावत नाहीत गं," मास्तर म्हणाले. "काकांचं तसं आहे का?" आणि बॅग उचलून गाडीत चढले. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

खोलीवर येऊन मी बाबांना व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्याला सुट्टीत आपल्याकडं बोलव. पुण्याला उतरू दे. न्यायला मी येतो गाडी घेऊन."

आईने त्यांच्या लुळ्या उजव्या हातावर पांघरूण ओढलं. मी म्हटलं, "हो बाबा, कळवते."