परतीचे टायर

परबकाकांच्या काउंटरवरून "जातो" म्हणून कुणाला निघता येत नसे. ते बिलाचा कागद पटकन आपल्या बाजूला ओढायचे आणि समोरच्याला बजावायचे, "जातंय म्हणू नये रे. येतंय म्हण." गिऱ्हाईक पेशावरचं असो, केरळचं असो की इथलाच बहरीनी, "येतो" म्हटल्याशिवाय सुटका नाही. बहरीनच्या मीना सलमान बंदराजवळच्या त्या टायरच्या दुकानात येणाऱ्या कित्येक अरबांना मराठीतला हा एकच शब्द येत होता आणि तो ते मोठ्या ऐटीत म्हणायचे. त्यावर गाडीच्या टायरकडे बोट दाखवत काकांचं उत्तर ठरलेलं, "हवा बघून जा."

मी त्याच दुकानाच्या वरच्या ऑफिसात, बंदरातून टायरचे कंटेनर सोडवण्याच्या कामाला होते. मूळची साताऱ्याची. पहिल्याच दिवशी खाली चहा पिऊन निघताना मी सवयीने "जाते हं काका" म्हणाले, तर हा माणूस सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला, "गो बाय, तुझ्या घरात कोणी शिकवल्यान नाय?" मला असा राग आला! पुढचे कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मग एका दुपारी त्यांनी डब्यातून बांगड्याचं तिखलं वर पाठवून दिलं आणि माझा राग तिथंच विरघळला. खाण्याच्या बाबतीत मी फार काळ तत्त्वाला धरून राहू शकत नाही.

टायर विकण्याची त्यांची तऱ्हाही उलटीच. गाडी कुठली, साइज काय, हे सगळं नंतर. आधी माणूस जाणार कुठे, हे त्यांना कळायला हवं. खरं तर तेही नाही. "जातलस कसो ता माका सांगू नको, परत कसो येतलस ता सांग," असं ते मराठी गिऱ्हाइकाला म्हणत, आणि तेच हिंदीत बाकीच्यांना. अबू खालिद नावाचं त्यांचं एक जुनं बहरीनी गिऱ्हाईक होतं. सुट्टी मिळाली की मोठी फोर-व्हील गाडी काढून समुद्रावरचा पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या वाळवंटात शिरायचा. काका त्याला विचारत, "वापस कैसे आएगा?" तो हात वर करून म्हणायचा, "इंशाल्ला!" काका म्हणत, "इंशाल्ला ऊपरवाले का काम. टायर तेरा काम." मग दोघं हसायचे आणि काका त्याला जाड बाजूंचे, खोल खाचांचे ऑल-टेरेन टायर दाखवायचे. रेतीत शिरताना हवा कमी कर, पुन्हा डांबरावर येशील तेव्हा आधी हवा भर, नाहीतर टायर तापून फुटेल, हे त्याला दर वेळी सांगायचे. त्यालाही ते पाठ झालं होतं, पण काकांनी सांगणं थांबवलं नाही.

हा सगळा परतीचा ध्यास कुठून आला होता, ते मला हळूहळू कळलं. काकांचा एकुलता एक मुलगा नंदन कॅनडात होता. गावी त्याची आई वारली तेव्हा त्याचे तिकडचे कागद अडकले होते आणि त्याला येता आलं नव्हतं. काका इथून एकटेच गेले आणि सगळं उरकून एकटेच परतले. त्यानंतर बापलेकांची गाठ फोनवरच. रोज संध्याकाळी दुकानातली गर्दी ओसरली की काकांचा फोन वाजायचा. तिकडे नंदनची सकाळ असायची, तो कामावर निघण्याच्या घाईत. चार इकडचे-तिकडचे शब्द, आणि शेवटी तो म्हणायचा, "बरं बाबा, येतंय." काका म्हणायचे, "हवा बघून जा." की फोन बंद.

नंदनने तिकडे फोर-व्हील गाडी घेतली तेव्हा काकांनी दुकानात पेढे वाटले. टायर मात्र मीच सांगणार, असा त्यांचा हट्ट. त्यांनी सांगितले ऑल-टेरेन. आयुष्यभर त्यांनी रेती पाहिली होती, बर्फ फक्त हिद्दच्या बंदरावर मासळीच्या खोक्यांत. त्यांच्या हिशेबी बर्फ म्हणजे पांढरी रेती. "रुतलंस तर हवा कमी कर," असंही त्यांनी पोराला सांगून टाकलं. नंदन पोट धरून हसला, पण टायर त्याने बाबांनी सांगितले तेच घातले. त्याला ते दिसायलाही आवडले होते.

मग एका थंडीत अबू खालिद हौसेने त्याच ऑल-टेरेन टायरांवर तुर्कस्तानातल्या डोंगरांपर्यंत गाडी घेऊन गेला. परत आला तो थेट काउंटरवर. उतारावर ब्रेक दाबला तरी गाडी थांबेना, कशीबशी कडेच्या बर्फाच्या ढिगात शिरून अडली, असं तो सांगत होता. तो स्वतःवरच हसत होता, पण काकांचा चेहरा उतरला होता. "रेती धरता रे," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बरफ सोडून देता." त्यानंतर कितीतरी दिवस दुकानात टायरच्या कंपनीचा कुणी माणूस आला की काका त्याला बर्फाबद्दल विचारत बसायचे. थंडीत साधं रबर दगडासारखं कडक होतं, बर्फाचा टायर मऊ राहतो. त्याच्या बाजूवर डोंगराचं आणि हिमकणाचं चिन्ह असतं. हे सगळं कळलं तसं त्यांनी नंदनच्या मागे टुमणं लावलं. टायर बदल.

नंदनला ते पटेना. गाडी चारही चाकांवर ओढते, टायर नवे आहेत, इथली निम्मी माणसं असेच चालवतात. काका फोनवर चिडायचे. "चार चाकां गाडी चालवतत रे, थांबवता तो टायर!" पलीकडून उत्तर यायचं, "बघतो बाबा. येतंय." आणि फोन बंद व्हायचा. काका हवा मोजायचा गेज शर्टाच्या खिशात खोचत मला म्हणायचे, "मीच चुकीचो टायर सांगितलंय तेका. आता ऐकणा नाय." मी म्हणायचे, घालेल हो काका, मोठा झालाय तो. त्यांना ते पुरत नसे, हे मलाही दिसत होतं. आपल्या तोंडच्या शब्दावर पोर घसरणीच्या रस्त्यावर फिरतंय, हे त्यांना खात होतं.

या जानेवारीत काकांना काउंटरवरच छातीत दुखायला लागलं. मनामातल्या हॉस्पिटलात नेलं. हृदय फार थकलं आहे, घरच्यांना बोलावून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. मी नंदनला फोन केला. तो राहायचा त्या गावाहून विमानतळ कित्येक तासांच्या रस्त्यावर, आणि तिकडे बर्फाचं वादळ सुरू होतं. संध्याकाळी भेटीच्या वेळेला मी काकांच्या उशाशी फोन धरला. पलीकडे धांदल ऐकू येत होती, सामान भरण्याची, कुणाशी तरी बोलण्याची. नंदन घाईघाईत एवढंच म्हणाला, "बाबा, येतंय!" आणि फोन ठेवला.

काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "ठेवल्यान. आजारी बापाशी दोन शब्द बोलाक वेळ नाय तेका."

"काका, तो येतोय," मी म्हणाले. "खरंच निघालाय."

"येतंय म्हणजे जातंय गो बाय. मीच शिकवलंय ना तेका."

आपल्या भाषेचा एरवी मला केवढा अभिमान, पण त्या क्षणी तिचा राग आला. निघणाऱ्यानेही "येतो" म्हणायचं आणि येणाऱ्यानेही तेच, तर अंथरुणावरच्या माणसाने काय समजायचं? मी बाहेर येऊन नंदनला मेसेज टाकला: काकांना तू येतोयस हे पटत नाही, काहीतरी पाठव. थोड्या वेळाने फोटो आला. माणसाचा नव्हता, गाडीच्या पुढच्या चाकाचा होता. वाटेत कुठेतरी थांबून त्याने तो काढला होता. सगळीकडे पांढरं, आणि टायरच्या बाजूवरचा बर्फ बोटांनी पुसून मोकळा केलेला.

काकांनी चष्मा मागितला. बोटांनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला. त्या पुसलेल्या जागी डोंगर होता आणि डोंगरात हिमकण.

"घातल्यान," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, दुकानात एखादं गिऱ्हाईक पटल्यावर हसत तसं हसले. "मगे तो येतलो."

थोड्या वेळाने डोळे मिटूनच म्हणाले, "हवा बघल्यान काय, विचार तेका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. नंदन तेव्हा विमानात होता. मी आणि माझे यजमान त्याला आणायला विमानतळावर गेलो. मला काही सांगावंच लागलं नाही. तो जाड कोट हातात घेऊन तसाच उभा राहिला. गाडीत बसल्यावर म्हणाला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या उलटून पडल्या होत्या, पण माझी कुठे घसरली नाही. शरदातच बदलले होते टायर. बाबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, बघ, मी सांगत होतो, म्हणून सांगितलं नाही. एवढं बोलून तो रडायला लागला. मग त्याने विचारलं, "त्यांना कळलं होतं ना, मी येतोय ते?"

मी त्याला चष्म्यापासून सगळं सांगितलं. "मगे तो येतलो" हे काकांचे शब्द त्याने माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतले.

दहन इथंच केलं. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत, पण परक्या मुलखात माणसंच कमी, म्हणून मी गेले. अबू खालिदही आला होता, लांब उभा होता. सगळं आटोपलं आणि माणसं खाली मान घालून एकेक करून निघाली. तिथून निघताना कुणी "येतो" म्हणत नाही, मागे वळूनही बघत नाही. आम्हीही तसेच फाटकापर्यंत आलो. तेवढ्यात नंदन थांबला, मागे वळला आणि हात जोडून मोठ्याने म्हणाला, "बाबा, येतंय."

दुकानातले एक वयस्कर गृहस्थ घाबरून पुढे झाले. "अरे, इथं असं म्हणू नये."

"म्हणू दे त्याला," मी म्हणाले.

तो तसाच उभा होता, फोन ठेवण्याआधी थांबायचा तसा. त्याला उत्तराची सवय होती. मी त्याच्या जवळ गेले आणि म्हणाले, "हवा बघून जा."