रेमोंकाकांनी थांबवलेलं पान

ज्या माणसाने माझ्या वडिलांचं प्रमोशन रद्द केलं, तो आज सकाळी गेला.

रेमोंकाका. झिंज भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायचे. फ्रेंच. इतिहासकार आणि पब्लिशर.

मोत्यांच्या व्यापारावर रिसर्च करायला सहा महिन्यांसाठी बहरीनला आले होते. राहिले ते कायमचे.

त्याआधी पॅरिसमध्ये प्रोफेसर होते. राजांच्या लढायांवर त्यांनी एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. त्याच्यावर ते चहाचा कप ठेवायचे.

म्हणायचे, "नऊ सौ पेज. एक भी कुक नहीं." एवढं सैन्य जेवत कुठे होतं, ते लिहायचं राहूनच गेलं म्हणे.

हिंदी ते इथल्या ड्रायव्हर लोकांकडून शिकले होते.

मग त्यांनी घरच्या हॉलमध्येच प्रकाशन काढलं. चाळीस-चाळीस पानांची पातळ पुस्तकं. एका पुस्तकात एक माणूस. मोत्यांसाठी बुड्या मारलेले म्हातारे, होड्या बांधणारे सुतार, शिंपी, ड्रायव्हर.

माणूस आपल्या भाषेत बोलणार, कुणीतरी त्याचं इंग्रजी करणार, काका छापणार.

मी ऑफिसातून आले की त्यांच्याकडे नुसती जाऊन बसायचे. खिडकीबाहेर धुळीने पांढरं पडलेलं ऊन. आत एसीची घरघर. दोरीला चिमटे लावून टांगलेली प्रूफं हळूहळू हलताहेत. डोळा लागायचा आणि वाटायचं, ही खोली पाण्यावर आहे, आपण कुठेतरी वाहत चाललोय, आणि कुठे जायची घाईही नाही.

त्यांचा एक नियम होता.

छापण्याआधी ते पान त्या माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचं. आणि ज्याने भाषांतर केलं त्याने नाही, दुसऱ्याच कुणीतरी.

मला हा शुद्ध वेळेचा अपव्यय वाटायचा. मी अकाउंटंट. ऑडिट कशासाठी असतं, ते निदान मला तरी कळायला हवं होतं.

तीन वर्षांपूर्वी माझे वडील, आप्पा, शिराळ्याहून व्हिजिट व्हिसावर इथे आले. माझ्या लहानपणी ते सात वर्षं बहरीनमध्येच होते, एका लेबर कॅम्पवर. सुपरवायझर. गावाला हेच माहीत आणि मलाही. माझ्या लग्नाच्या बायोडेटात तेच लिहिलेलं.

काकांना कळलं तसं त्यांनी आप्पांना चहाला बोलावलं आणि टेप चालू केला. भाषांतराला मी वही घेऊन मधे बसले.

आप्पा म्हणाले, "सुपरवायझर न्हवतो मी. मेसमधी भांडी घासायचो. साती वर्सं."

मी मान वर केली नाही. इंग्रजीत लिहिलं, मेस सुपरवायझर होते. वर त्यांच्या हाताखाली आठ माणसंही दिली.

स्वतःला सांगितलं, म्हातारं माणूस, बोलून गेलं, आपण सावरून घ्यावं. खरं म्हणजे लाज मला वाटली होती. आप्पांना नाही.

महिनाभराने पान तयार झालं. वाचायला आले इथल्याच जिदहफ्स भागातल्या एका फार्मसीतले मोहितेभाऊ, मूळचे साताऱ्याचे. इंग्रजीवर बोट ठेवून मराठीत सांगायला लागले, "मी मेसमध्ये सुपरवायझर होतो. माझ्या हाताखाली आठ माणसं…"

आप्पांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत बसले.

"ह्ये मी न्हाई बोललो."

मोहितेभाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी दोरीवरच्या कागदांकडे.

काकांना मराठी ओ की ठो कळत नव्हतं, पण चेहरे वाचता येत होते, आणि मोहितेभाऊंचं बोट कुठल्या ओळीवर थांबलंय तेही दिसत होतं. त्यांनी मोहितेभाऊंच्या हातातून ते पान घेतलं आणि दोन घड्या घालून खिशात टाकलं.

"बेटी, हिस्टोरियन किसी को प्रमोशन नहीं देता."

रागावले नाहीत. चहा टाकला. टेप पुन्हा पहिल्यापासून लावला आणि वही माझ्याच पुढे सरकवली.

"फिर से लिखो. यल्ला, चलो."

मी लिहिलं. भांडी. सात वर्षं. गरम पाण्याने सोललेले हात. सुट्टीवर गावी यायच्या आधी महिनाभर रोज हातांना खोबरेल लावायचे, घरात कुणाला कळू नये म्हणून.

हे सगळं पहिल्या वेळीही टेपवर होतं. मी ऐकलंच नव्हतं.

पुस्तक निघालं त्या शुक्रवारी काका आम्हाला सखीरच्या वाळवंटात, रेस ट्रॅकच्या बाजूला घेऊन गेले. कॅम्प कधीच उठला होता. नुसती वाळू. लांबून रेसच्या गाड्यांचा आवाज, कानाशी माशी गुणगुणावी तसा.

आप्पा चालत चालत एका जागी थांबले. "हितं मोरी हुती," म्हणाले.

काकांनी डोक्यावरची टोपी काढली.

दोघं म्हातारे तिथे उभे होते, काही न बोलता. ऊन इतकं होतं की दोघांच्याही कडा पुसट झाल्या होत्या. मला ते अजून स्वप्नात दिसतात. स्वप्नात ते एकमेकांशी खूप बोलत असतात. कुठल्या भाषेत, ते उठल्यावर आठवत नाही.

गेले दोन महिने काकांना दम लागायचा. आज झोपेतच गेले.

मी गावी आप्पांना फोन लावून सांगितलं.

मग मी विचारलं. इतकी वर्षं विचारायचं राहिलं होतं ते.

"आप्पा, आईला नाही सांगितलंत, आम्हाला नाही. त्या परक्या माणसाला कसं सांगितलंत?"

"त्येस्नी कुटं सांगत हुतो?" आप्पा म्हणाले. "त्येस्नी काय मराठी कळत हुतं? तुला सांगत हुतो, पोरी. एकट्यानं तुज्यासमोर बसायची छाती न्हवती माजी."

काका, निवांत जा.

माझा आणि आप्पांचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.