रफिकभाऊनं उतरवलेली पट्टी

मंडळी, आत्ताच गडचिरोलीहून परतलो. रफिकभाऊ वारल्यावरचा आमच्या बँडचा हा पहिलाच कार्यक्रम.

त्याची गिटार आणि विकीभाऊचा आवाज, कॉलेजपासूनची जोडी. सगळी गाणी दोघांनीच बांधलेली. मी मागे ड्रमवर. यावेळी तालमीला यायचं विकीभाऊचं मनच झालं नाई. नव्या गिटारवाल्यानं कॉलेजच्या वेळचं जुनं रेकॉर्डिंग ऐकून गाणी बसवली.

पहिल्याच गाण्यात, वरच्या ओळीवर विकीभाऊचा आवाज फाटला. पब्लिक हसली. तो गाणं थांबवून चिडला, "इतक्या वरच्या पट्टीत काऊन वाजवून राह्यला बे?"

"भाऊ, तुमच्या रेकॉर्डिंगचीच पट्टी आहे."

विकीभाऊनं वळून माझ्याकडे पाहिलं. मले सांगावंच लागलं, "रफिकभाऊ दरवर्षी थोडी थोडी उतरवत होता. तुमाले कळू देऊ नको म्हणे."

आणि हाच विकीभाऊ दर कार्यक्रमात माईकवर सांगे, "रफिक म्हातारा झाला, पण माझा आवाज पाहा, तसाच आहे!" रफिकभाऊ नुसता हसे आणि तारा ढिल्या करे.

"त्याच्या पट्टीत वाजव," विकीभाऊ हळूच म्हणाला. गाणं पूर्ण म्हटलं. टाळ्या पडल्या, तेव्हा गिटारच्या बाजूला पाहून बोलला, "म्हातारा मी झालो होतो रे, रफिक."

तुम्हीच सांगा, मी चूप बसायले पाहिजे होतं का?