आबांचा न जेवणारा पाहुणा

मुलांनो, परवा फोनवर आजोबांनी तुम्हाला ओळखलंच नाही, ‘आपण कुठले?’ असं विचारलं आणि तुम्ही दोघांनी फोन माझ्या हातात दिलात. ते मुद्दाम तसं करत नाहीत. हे मी वडगाव रासाईच्या एका घरात शिकले, म्हणून आत्ताच लिहिते आहे.

तेव्हा मी शिरूरच्या एका हॉस्पिटलमध्ये सिस्टर इनचार्ज होते. त्या घरातल्या म्हाताऱ्या आबांना डिमेन्शिया होता, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू पुसत नेणारा आजार. जेवण मात्र चोख. पण नातवाचं लग्न झालं आणि आठवड्याभरात ते ताट ढकलू लागले. टॉनिकच्या दोन बाटल्या संपल्या.

“आता नाकातून नळी,” डॉक्टर म्हणाले. “घरच्यांना समजावून या.”

मी गेले. आबांची सून शांताबाई दारातच म्हणाल्या, “नव्या नवरीचा पायगुण, दुसरं काय? सोमवारी हिला माहेरी धाडतोय. आबा जेवायला लागले तवाच आणू.”

नवी नवरी रेखा ताट घेऊन शेजारीच उभी होती. वीस वर्षांची पोर. तिने मान वर केली नाही.

“अजिबात जेवत नाहीत?” मी विचारलं.

“लाईट गेली तर दोन घास खात्यात,” रेखा हळूच म्हणाली.

हे मला विचित्र वाटलं. मी म्हटलं, वाढा माझ्यासमोर. रेखाने ताट ठेवलं. आबांनी ते अदबीने पुढे सरकवलं, ढकललं नव्हे. समोर रेखाच्या माहेरहून आलेलं लोखंडी कपाट होतं, दाराला उभा आरसा.

आबा माझ्या कानाशी म्हणाले, “आधी पाव्हण्यास्नी वाढा, बाई. सकाळपासनं बसल्यात. बोलत बी न्हाईत.”

आबांच्या मनात आबा पस्तिशीचे होते. आरशातला म्हातारा त्यांच्या ओळखीचा नव्हता. आणि घरात पाहुणा उपाशी असताना ते कसे जेवणार?

मी हुशारी केली. आरशावर चादर टाकली.

“हळू बोला,” आबा म्हणाले. “पाव्हणं झोपल्यात. उठू द्या, मग बसू.”

माझी इतक्या वर्षांच्या सर्व्हिसमधली हुशारी तिथे संपली. रेखाने पदर सावरला, चादर काढली आणि खाली बसून म्हणाली, “आबा, पाव्हण्यांचा आज उपास हाय. तुम्ही बसा म्हणाले.”

“व्हय? मग आधी सांगायचं न्हाई का?”

दोन भाकरी गेल्या. शांताबाई बघतच राहिल्या.

तिसऱ्या दिवशी रेखाचा नवरा हॉस्पिटलमध्ये आला. “सिस्टर, आबा म्हणत्यात, हा माणूस लई उपास करतोय. त्याला आधी डॉक्टरला दाखवा.”

मी कपाट आतल्या खोलीत हलवायला सांगितलं. पाहुणा गेला. आबांनी दोन दिवस चौकशी केली आणि विसरले.

“नळीचं काय झालं?” डॉक्टरांनी विचारलं.

“गरज नाही, सर. कपाट हलवलं.”

त्यांनी केसपेपरवर ‘भूक सुधारली’ एवढंच लिहिलं. टॉनिकचं नाव खोडायचं राहिलं, त्यामुळे श्रेय त्यालाच गेलं.

तेव्हापासून पेशंट विचित्र वागला की मी औषध बदलण्याआधी त्याच्या जागेवर बसून समोर काय दिसतं ते बघते. निम्म्या वेळा उत्तर तिथेच असतं.

सोमवारी रेखा कुठेही गेली नाही. ती अजून त्याच घरात आहे.