साखरोळ्यावर ठिपका नाही

बस वळणाआड जाते आणि मी पडवीतल्या बाजेवर अंग टाकते. नवी साडी अजून अंगावरच आहे, ब्लाउजसुद्धा नवा. बदलायला उठण्याचं त्राण नाही. रविवारची दुपार, खाडीला भरती, आणि वारा येतोय तोही गरम. माजघरात मलिद्याची परात तशीच पडलीय. पोहे, खोबरं, गूळ, सगळ्यांनी चिमूट चिमूट घेतलं, फोटो काढले आणि ठेवून दिलं. आता मुंग्या खातील.

वर्षातून एकदा हे लोक इस्राएलहून, कुठून कुठून येतात. सगळे साखरोळकर. एस.टी.च्या थांब्यावर गावाच्या नावाची पाटी आहे, तिला मिठी मारून फोटो काढतात, काही बायका तर रडतातही. मग माझ्याकडे येतात, कारण साखरोळ्यात साखरोळकर आडनावाचं माणूस आता मीच. मिल्का, शाळेतून निवृत्त झालेली बाई. लग्न केलं नाही म्हणून आडनाव शाबूत राहिलं.

आज त्यांच्यात नोआ नावाची एक पोरगी होती. तिने दुभाष्याकरवी विचारलं, आपल्या आडनावाचा अर्थ काय. मी सांगितलं, साखरोळ्याचे ते साखरोळकर, त्यात अर्थ कसला आलाय. पण गंमत अशी की गावात राहणाऱ्या आम्हाला कोणी साखरोळकर म्हणायचंच नाही. गावात आम्ही शनवार तेली. तेलाचा घाणा चालवायचो आणि शनिवारी, आमच्या यहुदी लोकांच्या शब्बाथला, तो बंद ठेवायचो म्हणून. साखरोळकर व्हायला आधी गाव सोडावं लागतं. हे शेवटचं वाक्य दुभाष्याने तिला सांगितलं की गिळलं कोण जाणे. ती गोड हसली आणि तिने फोनवर जगाचा नकाशा उघडला. जिथे जिथे साखरोळकर, तिथे तिथे लाल ठिपका. अश्दोद, लोद, रमला, दिमोना. मग लंडन, टोरांटो, ठाणे. मी चष्मा लावून कोकणचा किनारा वरपासून खालपर्यंत बघितला. साखरोळ्यावर ठिपका नव्हता.

"ती म्हणतेय, एकट्या माणसाचा ठिपका पडत नाही," दुभाष्याने सांगितलं. "चार-पाच तरी लागतात."

डोळे जड होतात. बस केव्हाच गेली तरी तिची घरघर कानात आहे. पायरीवर कोणीतरी पाठमोरं बसून बुटांच्या नाड्या सोडतंय. या उन्हात अंगात लोकरीचा कोट. मानेवरचा तीळ माझ्या ओळखीचा आहे.

"हायमदादा," मी म्हणते.

"काय गो मिल्के, झोपलीस?"

"आता आलास होय?"

"गाडी उशिरा मिळाली," तो म्हणतो. पनवेलहून येत असल्यासारखा.

हायमदादा माझा थोरला भाऊ. ऐन विशीत इस्राएलला गेला, अश्दोदच्या गोदीत आयुष्य काढलं आणि दोन वर्षांपूर्वी तिथेच वारला. तो मेलेला आहे हे मला पडल्या पडल्या पक्कं माहीत आहे. भीती वाटत नाही. राग येतो. एकच गोष्ट मला त्याच्याकडून ऐकायची होती, आणि ती न सांगताच तो गेला, म्हणून जास्तच येतो. बाबा वारले तेव्हा तो का आला नाही.

"पाणी दे ना," तो म्हणतो.

मी उठून माजघरात जाते. माजघरात घाणा आहे. तो मोडून लाकडं विकली त्याला जमाना झाला, तरी आहे, आणि झापडं बांधलेला बैल गोल फिरतोय. घाण्यात तीळ नाहीत, बॅगा आहेत. निळ्या, काळ्या, दोरीने आवळलेल्या, एकामागून एक फिरून समोर येतात आणि पुढे जातात. आढ्यातून कोणी बाई विमानांच्या वेळा सांगतेय. दादा माझ्या शेजारी उभा राहून बॅगांवरची नावं वाचतो.

"माझी आली नाही."

"तू तरी कुठे आलास? फोनवर काय म्हणाला होतास, आठवतंय?"

"आठवतंय."

"सांग मग."

"थांबा म्हणालो होतो. मी निघालोय, मी येईपर्यंत बाबांना मातीला नेऊ नका."

आमच्यात माणूस त्याच दिवशी पुरतात. त्या गुरुवारी अलिबागहून, पेणहून आमची माणसं आली होती. कद्दिशला दहा पुरुष लागतात, ते भरून वर उरत होते. कद्दिश म्हणजे गेलेल्या माणसासाठी मुलाने म्हणायची प्रार्थना, आणि आमचे दहा पुरुष उभे असल्याशिवाय ती म्हणता येत नाही. दादाच्या शब्दावर मी कोळीवाड्यातून बर्फ आणवला आणि बाबांना रात्रभर ठेवलं. शुक्रवारी दुपारपर्यंत रस्त्याकडे बघत बसलो. संध्याकाळी शब्बाथ लागतो, म्हणून लांबची माणसं एकेक करून निघून गेली. त्यांचंही काही चुकलं नाही. मातीला अख्खं गाव होतं, कोळी होते, आगरी होते, मोहल्ल्यातले होते, खांदा द्यायला रांग लागली होती. आमचे मात्र नऊ. मी जन्मभर पोरांची हजेरी घेतली, आणि तिथे मी स्वतः हजेरीत धरली गेले नाही, कारण मी बाई. कद्दिश मला तोंडपाठ होता. बाबांवर तो झालाच नाही.

"विमानतळापर्यंत गेलो होतो मी," दादा म्हणतो. "बॅगसुद्धा आत दिली होती. मग परत मागून घेतली."

"का?"

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवतो. बैल थांबतो. घंटा वाजते, ती शाळेची.

वर्गात खडूचा वास आहे. बाकांवर सकाळचेच लोक बसलेत, टोप्या, गॉगल, गळ्यात कॅमेरे. मी टेबलामागे उभी राहून हजेरी घेतेय. "साखरोळकर," मी पुकारते. "हजर," अश्दोद म्हणतं. "साखरोळकर." "हजर," टोरांटो. नोआ खिडकीपाशी बसून ओठांना रंग लावतेय, तीही हजर म्हणते, अगदी आमच्या हेलात. शेवटच्या बाकावर दादा गुडघे दुमडून बसलाय. त्याची पाळी येते. मी पुकारते आणि तो खाली बघतो.

"तोंड नाही का तुला?"

"ते माझं नाव नाही, मिल्के."

बाकांवरचे सगळे वळून त्याच्याकडे बघतात.

"पहिल्याच वर्षी बदललं," तो म्हणतो. "गोदीतल्या मुकादमाला म्हणता यायचं नाही. निम्मं म्हणायचा आणि हसायचा, मग सगळेच हसायचे. तिकडचं सगी हे आडनाव करून घेतलं. सुटसुटीत आहे. पोरंही सगी, नातवंडंही सगी."

"आणि बाबांना?"

"त्यांना नाही सांगितलं."

बाबा घाण्याच्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आमचं साखरोळं पार अश्दोदला पोचलं, आमच्या हायमने नेलं. ऐकणाऱ्याला अश्दोद कुठे आहे ते ठाऊक नसायचं, तरी तो मान डोलवायचा. मला दादाच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. हात उचलत नाही.

"म्हणून आला नाहीस? नाव टाकलं म्हणून?"

"हो. दहा जणांत उभा राहिलो असतो, कोणीतरी विचारलं असतं..."

"खोटं बोलतोस. ज्यांना वाईट वाटलं असतं ते कफनात होते."

मेल्यावरही खोटं बोलायची सोय असते हे मला आज कळतं.

वर्गाला मागची भिंत नाही. बाक संपतात तिथून कबरस्तान सुरू होतं, करवंदीच्या जाळ्या, पलीकडे खाजणाचं पाणी. दादा उठून तिकडे चालू लागतो आणि मी मागून जाते. बाबांच्या कबरीपाशी तो थांबतो.

"खरं ऐकायचंय?"

"सांग."

"आई आधीच गेलेली. बाबा गेले म्हणजे तू एकटी. मी आलो असतो तर तुला चल म्हणावं लागलं असतं. घर दोन खोल्यांचं होतं गो. बायको आदल्या रात्री म्हणाली, बहिणीला आणलंस तर मी माझ्या आईकडे निघाले."

"मी आले नसते."

"माहीत होतं मला."

"मग?"

"तरी विचारावं तर लागलंच असतं." तो बुटाच्या टोकाने माती उकरतो. "आणि तू हो म्हणाली असतीस तर?"

इतकी वर्षं मी त्याच्या वतीने कारणं शोधत होते. रजा मिळाली नसेल, तिकडे लढाई लागली असेल, आजारी पडला असेल. एवढंसं कारण मला कधी सुचलं नव्हतं. शाळेच्या नोकरीने तोंडातल्या शिव्या गेल्या, नाहीतर आज दिल्या असत्या.

"बाप बर्फावर ठेवला मी तुझ्यासाठी," मी म्हणते. "त्या बर्फाला मासळीचा वास होता. रात्रभर मी अगरबत्त्या लावत होते."

"हूं."

"हूं काय?"

तो खाली बसतो आणि बाबांच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर हात ठेवतो. ती जागा मी माझ्यासाठी राखलीय.

"तिकडे माझ्या दगडावर सगी कोरलंय," तो म्हणतो. "आजूबाजूला सगळे परके. मला कोणी हाक मारत नाही. इथे एक लहानसा दगड लाव माझ्या नावाचा. हायम, आणि पुढे साखरोळकर. दुसरं काही मागत नाही."

"नाही."

"मिल्के."

"नाव म्हणजे काय परटाकडचा कपडा आहे? नको तेव्हा टाकायचा, हवा तेव्हा जाऊन उचलायचा? टाकलंस ते टाकलंस."

तो मान हलवतो. रागावत नाही, आणि तेच मला सहन होत नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. उठून तो कोटाची बटणं सोडतो. आत पांढरा शर्ट आहे, कडक इस्त्रीचा.

"मग एवढं तरी कर. बाबांसाठी मी कपडा फाडला नाही. त्या दिवशी विमानतळावरून तसाच कामावर गेलो, बाप मेला म्हणून कोणाला बोललो नाही. तू सुरुवात करून दे. पुढचं मी फाडतो."

आमच्यात सख्खं माणूस गेलं की गळ्यापाशी अंगावरचा कपडा फाडतात. पहिली चीर दुसऱ्या कोणीतरी द्यायची. आईबापासाठी डावीकडे, काळजाच्या बाजूला. भावंडांसाठी उजवीकडे. बाबांच्या वेळी माझा डावा फाडला होता. तो ब्लाउज मी परत घातला नाही.

"आणि मी गेलो तेव्हा?" तो विचारतो. "उजवा फाडलास?"

"नाही. तुझ्यासाठी फाडला नाही आणि फाडणारही नाही."

"बरं," तो म्हणतो.

मी त्याचा शर्ट डावीकडे धरते. सहज फाटेल असं वाटतं, पण कापड चिवट आहे. दोन्ही हात लावावे लागतात. दात आवळून मी ओढते. तो बर्फ, ते नऊ जण, रस्त्याकडे लागलेले माझे डोळे, पलीकडच्या त्या दोन खोल्या, सगळं त्या ओढण्यात येतं. टर्रकन मोठा आवाज होतो आणि खाजणातले बगळे उडतात.

"आता तू फाड," मी म्हणते.

तो फाडत नाही. बाबांच्या कबरीकडे तोंड करून तो कद्दिशचा पहिला शब्द म्हणतो आणि थांबतो. मागे कोणीतरी साथ द्यायला हवी. तो मान वळवून बघतो.

"बाकीचे कुठायत?"

"गेले," मी म्हणते. "शुक्रवार आहे. थांबून थांबून किती थांबतील?"

त्याचे ओठ हलत राहतात. आवाज येत नाही.

मी जागी होते. ऊन पडवीत आलंय, बाजेचा सुंभ पाठीला रुतलाय. माजघरात परातीशी कावळा शिरलाय, त्याला हाकलायला मी उठून बसते, तर गळ्यापाशी वारा लागतो. बघते, तर नवा ब्लाउज गळ्यापासून खाली चांगला चार बोटं फाटलाय. शिवण उसवलेली नाही. धडधाकट कापड फाटलंय, आणि त्याचा धागा माझ्या नखात अडकलाय.

उजवीकडे.

डावीकडे असता तर पदराखाली गेला असता. उजवी बाजू झाकत नाही. मी तिथे हात ठेवून बसून राहते. मी त्याला माफ केलेलं नाही, आत्ताही नाही. त्याच्या नावाचा दगड मी लावणार नाही. पण भावासाठी एकदा फाडलं की आठवडाभर तोच कपडा अंगावर ठेवायचा असतो. आमच्यातला फाडलेला गळा गाव ओळखतं. उद्या सकाळी दुधाला गेले की पहिल्याच दारातून कोणीतरी हटकणार, बाय, कोन गेला तुमचा? आणि मला सांगावं लागणार.